जिंकायचे कोणी, हे नियमच ठरवतात तेव्हा : हायब्रिड विरुद्ध पेट्रोल (थ्रेड)

१/ जागतिक एन्ड्युरन्स अजिंक्यपद स्पर्धेच्या सर्वोच्च वर्गातून २०१६ अखेर ऑडी आणि २०१७ अखेर पोर्शे बाहेर पडली. हायब्रिड मोटारी उतरवणारी टोयोटा एकटीच उरली. समोर होते रिबेलियनसारखे खासगी संघ, केवळ पेट्रोलवर धावणाऱ्या मोटारींसह.

२/ लढत मुळातच विषम होती. ब्रेक लावताना साठवलेली ऊर्जा वळणातून बाहेर पडताना टोयोटाच्या चारही चाकांना मिळे. खासगी मोटारींची मदार फक्त मागच्या चाकांवर असे.

३/ आयोजकांनी दरी कमी केली, मिटवली मात्र नाही. २०१८ च्या ल माँ शर्यतीसाठी फेरीमागे सुमारे अर्धा सेकंद आणि एका टाकीत एक जादा फेरी, एवढी आघाडी हायब्रिडसाठी नियमांतच राखली गेली. टोयोटा पहिली व दुसरी आली. तिसरी रिबेलियन १२ फेऱ्या मागे होती.

४/ २०१९-२० मध्ये विजेत्याचा वेग पुढच्या शर्यतीत कमी करणारा नियम आला. शांघायमध्ये रिबेलियन जिंकली. ल माँला मात्र हा नियम लागू नव्हता. तेथे पुन्हा टोयोटाच.

५/ २०२१ च्या हायपरकार वर्गाने तत्त्वच बदलले : सर्वांना समान संधी. टोयोटाला कोरड्या रस्त्यावर विद्युत शक्ती १२० किमी, तर २०२२ पासून १९० किमी वेगानंतरच वापरता येई. त्याच वर्षी अल्पाइनने सेब्रिंग व मोंझा जिंकले, तेही रिबेलियनच्या जुन्या मोटारीवर बेतलेल्या, हायब्रिड नसलेल्या मोटारीने.

६/ वंश तोच, निकाल निराळा. २०१८ मध्ये उरलेली एकमेव मोठी कंपनी टिकवायची होती. २०२१ मध्ये नव्या कंपन्यांना बोलवायचे होते. नियमांतील आकडे तांत्रिक दिसतात. त्यांमागचा निर्णय धोरणाचा असतो.