सुपरकीलेन
डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमधील सार्वजनिक उद्यान. रहिवाशांना आराखड्यात सामील करून घेण्याच्या पद्धतीचे हे प्रसिद्ध उदाहरण. शहराच्या नॉरब्रो या भागात सुमारे ७५० मी. लांबीच्या पट्ट्यावर ते पसरले असून २०१२ मध्ये खुले झाले. महानगरपालिका व रिअलडानिया ही संस्था यांच्या पुढाकाराने ब्यार्के इंगल्स ग्रुप (वास्तुरचना), टोपोटेक १ (भूदृश्यरचना) आणि सुपरफ्लेक्स (कलावंतांचा गट) यांनी ते उभारले.

परिसरात सुमारे साठ राष्ट्रीयत्वांचे लोक राहतात. उद्यानात कोणत्या वस्तू असाव्यात हे त्यांनाच विचारण्यात आले. आपल्या मायदेशातील वा प्रवासात पाहिलेली बाके, दिवे, झोपाळे, कारंजी, झाडे त्यांनी सुचवली. त्यांतून शंभरहून अधिक वस्तू मूळ देशांतून आणल्या गेल्या किंवा हुबेहूब घडवल्या गेल्या. सुपरफ्लेक्सचे कलावंत पाच गटांतील रहिवाशांसह प्रत्यक्ष त्या-त्या देशांतही गेले. पॅलेस्टाइनची माती आणि थायलंडचा मुष्टियुद्धाचा आखाडा अशा प्रवासांतून आला.

उद्यानाचे तीन भाग आहेत : खेळ व व्यायामासाठी लाल चौक, कारंजे व बैठकींचा काळा चौक आणि उताराच्या हिरवळीचा हरित भाग.

सल्लामसलत केवळ सूचना गोळा करण्यापुरती न ठेवता रहिवाशांची निवड प्रत्यक्ष जागेवर उतरवणे, हे या प्रकल्पाचे खरे मोल होय. त्याला २०१६ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.