कराचीहून जुहूला, बोईसरवरून

15 ऑक्टोबर 1932, शनिवार. कोजागरी नुकतीच झाली. तुम्ही बोईसर स्टेशनापलीकडच्या बांधावर उभे आहात. तारापूरचं अणुवीज केंद्र नाही, एमआयडीसी नाही. समोर हळव्या भाताची कापणी चाललीय, मागे ताडांची रांग आहे, खाडीकडून सुक्या बोंबलांचा वास येतोय. दुपारचा एक वाजून गेलाय. ऊन डोक्यात चढतंय.

उत्तरेकडे कान द्या. नकाशावर अहमदाबाद ते जुहू सरळ रेघ ओढली, तर ती बोईसर-पालघरवरूनच जाते. त्या वाटेने एक इवलं पस मॉथ विमान निघालंय. एकच इंजिन, रेडिओ नाही, आत सुमारे 25 किलो टपाल. चालवतोय 28 वर्षांचा जे. आर. डी. टाटा. सकाळी 6 वाजून 35 मिनिटांनी त्याने कराची सोडली. अहमदाबादला त्याच्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी 1 वाजून 50 मिनिटांनी तो जुहूला उतरणार आहे. म्हणजे एक-वीसच्या सुमाराला तुमच्या डोक्यावर. विळा थांबवून मान वर करा. हजारेक किलोमीटर, सव्वासात तास, वाटेत एकही सरहद्द नाही.

आता पन्नास वर्षं पुढे या. त्याच बांधाजवळ कारखाने उभे आहेत, किनाऱ्यावर अणुभट्ट्या 1969 पासून वीज देताहेत. मधल्या काळात फाळणी झाली, 1965 आणि 1971 ची युद्धं झाली. तरीही ऑक्टोबर 1982 मध्ये 78 वर्षांचे जेआरडी पुन्हा छोट्या विमानातून कराचीहून जुहूला आले. परवानगी मिळाली, आणि वाट तेवढीच राहिली.

आणखी पुढे चला. वर्ष 2024, डहाणू तालुक्यातला एक पाडा. पावसाळा सरला की इथले तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात भारत-पाकिस्तान सरहद्दीची रेघ दिसत नाही. बोट पलीकडे गेली की पकडली जाते आणि माणूस कराचीच्या तुरुंगात जातो. तुम्ही अंगणात बसला आहात, घरातलं कुणी बोलत नाही. इथला एक खलाशी मार्चमध्ये त्या तुरुंगात वारला. त्याचा देह वाघा सरहद्दीवरून गावी पोहोचायला साधारण दीड महिना लागला.

आज मुंबईहून कराचीला थेट विमान नाही. दुबईमार्गे जायचं तर तीन हजारांहून जास्त किलोमीटर पडतात. विमान बदलून जाताना 1932 चे सव्वासात तासही अपुरे पडू शकतात. खलाशाला तर तीही वाट नाही. सुटका झाली तरी वाघा, अमृतसर आणि मग रेल्वे.

2008 च्या कराराप्रमाणे दोन्ही देश दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. त्या याद्यांत आपल्या किनाऱ्याची माणसं असतात. शिक्षा संपलेल्या मच्छीमाराला एक दिवसही जास्त ठेवू नये, ही मागणी पालघरच्या प्रत्येक आमदार-खासदाराकडे लावून धरा. बोईसर ते कराची सरळ रेषेत अंतर सुमारे 800 किलोमीटर आहे.