बेसबॉलची रोजकीर्द व खतावणी

१. अमेरिकेंतील बेसबॉल या खेळाचा इतिहास बहुतांशीं आंकड्यांत लिहिलेला आहे. १८७६ मध्यें नॅशनल लीग स्थापन झाली, तेव्हांपासून कोणत्या खेळाडूनें कोणत्या सामन्यांत काय केलें हें नोंदून ठेवण्याचा प्रघात अखंड चालू आहे. या नोंदींचीं प्रचंड भांडारें आतां ऑनलाइन उपलब्ध झालीं असून, ज्या प्रश्नासाठीं पूर्वीं वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली महिनोन्महिने चाळाव्या लागत, त्याचें उत्तर क्षणार्धांत पडद्यावर येतें. असें उत्तर इतिहासाचा पुरावा म्हणून कितपत ग्राह्य मानावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

२. प्रथम हा आंकडा सिद्ध कसा होतो तें पाहूं. सामना चालू असतां अधिकृत नोंदणीकार प्रत्येक घटना टिपून ठेवतो. तिचा सारांश वर्तमानपत्रांत ‘बॉक्स स्कोअर’ म्हणून छापण्याची रीति रूढ करण्यांत हेन्री चॅडविक या इंग्लंडांत जन्मलेल्या पत्रकाराचा मोठा वांटा आहे. सामनावार आलेला आंकडा लीगच्या कचेरींत प्रत्येक खेळाडूच्या स्वतंत्र पानावर चढविला जाई व हंगामाच्या अखेरीस त्याची बेरीज होई. आपल्या जमाखर्चाच्या भाषेंत सांगावयाचें तर सामन्याची नोंद ही रोजकीर्द व खेळाडूचें पान ही खतावणी होय. १९६९ मध्यें मॅकमिलन कंपनीनें जो बेसबॉलचा ज्ञानकोश प्रसिद्ध केला, त्यासाठीं जुनी सामग्री नव्यानें तपासून संगणकांत भरण्यांत आली. २००० मध्यें सुरू झालेल्या ‘बेसबॉल-रेफरन्स’ या संकेतस्थळानें असे आंकडे कोणासहि शोधतां येतील असे केले. शोध करणाराच्या हातीं बहुधा खतावणीची बेरीज येते. रोजकीर्द तिच्या मागें दडलेली असते.

३. बेरजेवर विसंबल्यानें काय होतें, याचें प्रसिद्ध उदाहरण १९१० सालचें आहे. फलंदाजानें चेंडू टोलवून, प्रतिपक्षाच्या चुकीचा लाभ न घेतां, निदान पहिला तळ सुरक्षितपणें गाठला म्हणजे त्याच्या नांवें एक ‘हिट’ पडतो. हिटांच्या संख्येस फलंदाजीच्या खेपांनीं भागलें असतां सरासरी निघते. त्या वर्षीं सर्वोच्च सरासरीबद्दल चामर्स कंपनीनें मोटारगाडीचें बक्षीस लाविलें होतें. डेट्रॉइटचा टाय कॉब व क्लीव्हलंडचा नॅप लॅजोई यांच्यांत चुरस होती. अखेरच्या दिवशीं सेंट लुई येथील दोन सामन्यांत लॅजोईनें आठ हिट मिळविले. त्यांतील बरेचसे, प्रतिपक्षाचा तिसऱ्या तळावरील खेळाडू मुद्दाम फार मागें उभा राहिल्यामुळें मिळाले. कारण कॉब हा कित्येकांस अप्रिय होता. या प्रकरणीं सेंट लुईच्या व्यवस्थापकास नोकरी गमवावी लागली. तथापि लीगच्या कचेरीनें हजारांत एकाहूनहि कमी अंतरानें कॉब यासच विजयी ठरविलें. कंपनीनें दोघांसहि गाड्या देऊन वाद मिटविला.

४. वाद मिटला, पण हिशेब चुकलेलाच राहिला. सुमारें सात दशकांनंतर पीट पामर या आंकडेतज्ज्ञानें मूळ पानें तपासलीं, तेव्हां कॉबच्या पानावर त्या हंगामांतील एका सामन्याचा आंकडा, म्हणजे तीन खेपांत दोन हिट, दोनदां चढविला गेल्याचें आढळून आलें. हें १९८१ मध्यें ‘स्पोर्टिंग न्यूज’ पत्रानें प्रसिद्ध केलें. दुबार नोंद वजा केली असतां त्या वर्षींचा मान लॅजोईकडे जातो व कॉबचे एकूण हिट ४,१९१ ऐवजीं ४,१८९ होतात. परंतु तत्कालीन कमिशनर बोवी कून यांनीं अधिकृत निकाल बदलण्याचें नाकारलें. परिणाम असा झाला कीं, ११ सप्टेंबर १९८५ रोजीं सिनसिनाटी येथें पीट रोझ यानें ४,१९२ वा हिट मारला, तेव्हां कॉबचा उच्चांक मोडल्याचा जल्लोष झाला. शुद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणें तो उच्चांक तीन दिवस अगोदर, ८ सप्टेंबर रोजीं, शिकागोच्या मैदानावर कोणाच्या ध्यानींमनीं नसतां मोडून गेला होता.

५. याच्या उलट, शिकागो कब्जच्या हॅक विल्सनच्या टोल्यांमुळें १९३० च्या हंगामांत निघालेल्या धावा १९० मानल्या जात. त्यांतील एक धाव चुकून त्याच्या सहकाऱ्याच्या नांवें पडली होती, असें संशोधकांनीं दाखविलें व १९९९ मध्यें १९१ हा आंकडा अधिकृतपणें मान्य झाला. एका ठिकाणीं पुराव्याचा जय झाला, दुसऱ्या ठिकाणीं प्रघाताचा. म्हणून ‘अधिकृत’ व ‘अस्सल’ हे शब्द समानार्थी समजणें धोक्याचें आहे.

६. दुसरा दोष परिभाषेचा. संघाची आघाडी अखेरपर्यंत राखणाऱ्या चेंडूफेक्यास मिळणारा ‘सेव्ह’ हा मान १९६९ पासून अधिकृत आहे. त्यापूर्वींच्या खेळाडूंच्या पानांवर तो दिसतो, तो मागाहून गणना करून घातलेला. १८८७ च्या हंगामांत पांच वाईट चेंडूंमुळें मिळालेला तळहि हिट म्हणून धरीत. पुढें ती गणना रद्द करण्यांत आली. टोल्याचा वेग मोजणारी ‘स्टॅटकास्ट’ यंत्रणा सर्व मोठ्या मैदानांवर २०१५ पासून आली. तेव्हां तिच्या आधारें सर्व काळांतील सर्वांत वेगवान टोला शोधूं जाणें व्यर्थ होय. नोंदीस आरंभ केव्हां झाला हें पाहिल्यावांचून प्रश्न विचारूं नये.

७. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. विसाव्या शतकांत १९४७ पर्यंत मोठ्या लीगांत कृष्णवर्णीय खेळाडूंस प्रवेश नव्हता. त्यांनीं आपल्या स्वतंत्र लीगा चालविल्या. रूब फॉस्टर यानें १९२० मध्यें स्थापिलेली नीग्रो नॅशनल लीग ही त्यांपैकीं प्रमुख. १९६९ च्या ज्ञानकोशासाठीं नेमलेल्या समितीनें सहा लीगांस ‘मेजर’ ठरविलें. त्यांत या लीगांपैकीं एकहि नव्हती. त्यामुळें पुढील अर्धशतकांत ज्यानें ज्यानें अधिकृत आंकड्यांत शोध केला, त्यास हे खेळाडू सांपडलेच नाहींत. ते खेळले नव्हते असें नव्हे. त्यांची रोजकीर्द ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कूरियर’ यांसारख्या पत्रांत पडून होती. ती स्वयंस्फूर्त संशोधकांनीं एकेक बॉक्स स्कोअर जुळवून वर काढली. १६ डिसेंबर २०२० रोजीं १९२० ते १९४८ या काळांतील सात लीगांस मेजर दर्जा जाहीर झाला व मे २०२४ मध्यें त्यांचे आंकडे अधिकृत नोंदींत मिळविण्यांत आले. तेव्हां जॉश गिब्सन याची सरासरी .३७२ ठरून कॉबची .३६७ ही मागें पडली. या लीगांच्या सुमारें तीन चतुर्थांश नोंदीच हातीं आल्या आहेत, असा अंदाज त्या वेळीं देण्यांत आला. अर्थात् हा आंकडाहि अखेरचा नव्हे.

८. येथवरच्या विवेचनावरून या भांडारांस कमी लेखावें असा आशय नाहीं. डेव्हिड स्मिथ या जीवशास्त्राच्या प्राध्यापकानें १९८९ मध्यें आरंभिलेल्या ‘रेट्रोशीट’ या उपक्रमानें क्लबांच्या व पत्रकारांच्या जुन्या नोंदवह्या मिळवून हजारों सामन्यांचा घटनावार वृत्तांत सर्वांस विनामूल्य दिला आहे, आणि अधिकृत आंकड्यांशीं जेथें मेळ बसत नाहीं तेथील तफावतींच्या याद्याहि प्रसिद्ध केल्या आहेत. स्वतःची तफावत उघडपणें मांडणारें साधन हेंच संशोधकानें अधिक विश्वसनीय मानावें. शोधाचें उत्तर आलें म्हणजे तें कोणत्या सामन्यापर्यंत नेऊन भिडवितां येतें, नोंद कोणत्या सालापासून आहे, आणि कोणाची नोंद मुळींच घेतलेली नाहीं, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून तें लेखांत घेऊं नये.

९. गिब्सन जानेवारी १९४७ मध्यें वारला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघांतून मैदानांत उतरला. गिब्सनचें नांव अधिकृत खतावणीच्या शिरोभागीं चढण्यास पुढें सत्त्याहत्तर वर्षें लागलीं. हा विलंब संगणकाच्या मंदगतीनें झाला नाहीं. कोणतीं पानें दफ्तरांत घ्यावीं हें माणसांनीं ठरविलें होतें, आणि तें चुकलेलें माणसांनींच जुनीं वर्तमानपत्रें चाळून दुरुस्त केलें.