देवगिरीचा वंश आणि गुराख्याचा पावा

गेल्या पावसाळ्यात, चाळिशी उलटल्यावर, मी बासरी शिकावयास बसलो. गुरू कोण, म्हणाल? माझ्याच वर्गातला सातवीचा एक मुलगा. सुटीच्या दिवशी आमच्या पालीला बिंदुसरेच्या तलावाकाठी तो शेळ्या राखतो. मागे एकदा भर तासाला त्याच्या दप्तरातून पावा निघाला, तेव्हा "गुराख्याचे खेळणे शाळेत कशाला?" म्हणून मी तो मोडून टाकला होता. पोर रडले नाही. नुसते तुकड्यांकडे बघत राहिले. ती नजर जाईना, म्हणून मी बासरीचा इतिहास चाळू लागलो आणि पुरता खजील झालो.

कारण ज्याला मी खेळणे म्हटले, त्याचे शास्त्र आमच्याच मराठवाड्यात लिहिले गेले आहे! तेराव्या शतकात यादवराजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने देवगिरीस 'संगीतरत्नाकर' रचला. घराणे मूळचे काश्मीरचे. ग्रंथाचे अध्याय सात. त्यांतला सहावा वाद्यांचा. तेथे बासरीला 'वंश' म्हटले आहे. फुंकेचे छिद्र आणि बोटाचे पहिले छिद्र यांत अंतर किती, यावरून तिचे प्रकार केले आहेत. एका अंगुळाचा तो एकवीर, दोहोंचा उमापती, तिहींचा त्रिपुरुष. फुंकेचे गुणदोषही सांगितले आहेत.

पुढे मैफलीत बीन, सतार, सारंगी मानाने बसल्या आणि बासरी गायरानात राहिली. आखूड वेळूचा आवाज उंच नि पातळ. ख्यालाची संथ आलापी त्यात मावत नसे. हा पेच पन्नालाल घोष यांनी सोडवला. १९११ साली बारिसालला जन्मलेला हा कलावंत १९४० साली मुंबईस आला. त्यांनी बासरी सुमारे ३२ इंच लांब केली, सहा छिद्रांना सातव्याची जोड दिली, आणि वेळूतून खर्जाचा गंभीर स्वर निघू लागला. १९४७ साली, चांगले नाव झालेले असता, त्यांनी अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शिष्यत्व पत्करले. मोठेपणी पुन्हा विद्यार्थी होणे किती कठीण, हे आम्हां मास्तरांना विचारा! १९६० साली ते वारले. त्यांचीच परंपरा पुढे पुण्याच्या केशव गिंडे यांनी चालवली.

माझे म्हणाल, तर पहिले आठ दिवस नुसती हवा. "गुरुजी, जोर करू नका. छिद्राच्या पल्याडच्या काठावर फुंक लागली पाहिजे," पोर समजावी. बोटाच्या पेराखाली छिद्राची फट राहिली की स्वर फाटे आणि शेळ्याही मान वर करून बघत. नवव्या दिवशी 'सा' लागला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, तो म्हणाला, "आता लांबवा."

परंतु दिवाळी आली. त्याच्या आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतली आहे. लक्ष्मीपूजन आटोपले की टोळी ऊसतोडीला निघेल. गेल्या साली तोही फडावर गेला होता. यंदा त्याला आजीपाशी ठेवा, म्हणून मी त्याच्या वडिलांना दोनदा विनवले. "बघू, गुरुजी," एवढेच ते म्हणाले.

मोडलेल्या पाव्याच्या बदली मी त्याला नवी बासरी दिली आहे. ट्रक निघेल त्या सकाळी मी फाट्यावर उभा राहीन. वाचकहो, त्या गर्दीत तो मला दिसू नये, एवढेच यंदाचे माझे मागणे आहे.