हळदीची शिंक

मार्च सरत आलाय आणि तुम्ही हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात उभे आहात. समोर हळदीचे ढीग. व्यापारी एक हळकुंड उचलतो, कट्‌कन मोडतो, मोडलेली बाजू उन्हाकडे धरतो आणि तेवढ्यावर भाव बोलतो. तुम्ही थप्पीवरच्या पोत्याला हात घालायला जाता आणि उजवा हात खांद्यापाशीच अडतो. तीन आठवडे झाले. शर्ट घालताना आधी दुखरी बाही, मग बाकीचा माणूस.

"खांदा धरला का, दादा?" हमाल विचारतो. "तुंबडी लावून घ्या. आमच्या आज्यानं लई लावल्या."

तुम्ही हसता, मोठा श्वास घेता आणि हळदीची धूळ नाकात जाते. काम सुरू करताना शिंक आली की आपल्याकडे माणूस दोन मिनिटं थांबतो. तुम्हाला थांबायची सवड मिळत नाही.

डोळे उघडता तेव्हा धूळ नाही, ओला धूर आहे. यांगत्सेकाठचं छीचौ गाव, साल १५७५ च्या आसपास, मिंग राजांचा काळ. याच गावात ली शिचेन नावाचा वैद्य वीसहून अधिक वर्षं एका ग्रंथावर बसलाय. तो १५७८ मध्ये पुरा होईल, त्यात १,८९२ औषधद्रव्यं असतील, आणि तो छापलेला पाहायला ली जिवंत नसेल. पण तुम्ही त्याच्याकडे जात नाही. मोठ्या माणसाच्या दारात गर्दी असते. तुम्ही गल्लीतल्या एका साध्या वैद्यबुवांसमोर बसता.

ते बोलत नाहीत, बघतात. तुम्ही कसे आत आलात, कोणता खांदा वर धरलाय, चेहऱ्याचा रंग कसा. मग जीभ काढायला सांगतात आणि खिडकीच्या उजेडात तिच्यावरचा पांढरा थर न्याहाळतात. आता विचारतात: कशानं दुखतं, गारठ्यानं वाढतं का, शेकलं की बरं वाटतं का, झोप, तहान, शौच. तुमचा आवाज ऐकतात, श्वासाचा वासही घेतात. चिनीत ऐकणं आणि हुंगणं या दोन्हींना 'वन्' हा एकच शब्द चालतो, म्हणून तपासणीच्या चार पायऱ्यांत ती एकच पायरी. मला हे फार आवडतं. हळकुंड मोडणाऱ्या व्यापाऱ्यालाही पटेल.

शेवटी मनगट. उशीवर तुमचा हात ठेवून ते तीन बोटं टेकवतात, आधी हलकी, मग दाबून. प्रत्येक मनगटावर तीन जागा, प्रत्येक जागेला एकेक अवयव नेमून दिलेला. भिंतीवर घड्याळ नाही. वैद्याचा स्वतःचा श्वास हेच घड्याळ: त्यांच्या एका श्वासात तुमचे चार ठोके पडले तर ठीक. ली शिचेननं १५६४ मध्ये नाडीवर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात नाडीचे २७ प्रकार. एक ताटात मोती घरंगळावेत तशी, एक ताणलेल्या तारेसारखी, एक पिळलेल्या दोरासारखी. तुमची दोरासारखी निघते. म्हणजे थंडी आणि दुखणं.

तुमच्या मनात येतं, हे तर आपलंच नाडीज्ञान! जरा थांबा. चरक-सुश्रुतांत नाडीपरीक्षा नाही. आयुर्वेदात ती पहिल्यांदा नीट दिसते शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाकडे. चीनमध्ये नाडीवरचा स्वतंत्र ग्रंथ तिसऱ्या शतकातला आहे. ही विद्या कुठून कुठं गेली यावर इथं भांडण नको, पण 'पाच हजार वर्षांपूर्वीचं' म्हणताना जीभ जरा आवरावी.

निदान होतं: वारा, थंडी आणि ओल खांद्यात शिरून बसली, 'छी' म्हणजे प्राणशक्ती आणि रक्त अडलं. तुम्हाला परकं वाटत नाही, कारण 'खांद्यात वारा भरलाय' हे तुम्ही घरी ऐकलेलं आहे. शब्द ओळखीचा वाटला म्हणून गोष्ट खरी ठरत नाही, एवढं मात्र इथंच खिशात टाकून ठेवा. खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण आखडतं, हे या खोलीत कोणाला माहीत नाही.

वैद्यबुवांच्या हाताखालचा पोरगा कपाटाचे खण ओढतो. सोनाराच्या काट्याएवढ्या काट्यावर एकेक जिन्नस कागदावर येतो. ज्येष्ठमध तुम्ही ओळखता. उकळताना घालायचं आलं आणि बोरासारखी सुकी फळंही. आणि मग पिवळ्या चकत्या. हळद! चिनी नाव च्यांग-ह्वांग, म्हणजे 'आल्यासारखी पिवळी'. आखडलेल्या खांद्या-मानेसाठीचा हा काढा ११७८ च्या एका संग्रहात आहे, आणि त्यात हळद आहे. इतक्या लांब येऊन शेवटी हळदच.

पण पोरानं शेजारचाही एक खण अर्धवट उघडलाय. त्यात छोट्या, टोकदार, राखट गाठी. विचारल्यावर तो सांगतो: हीही त्याच झाडाची, पण ही मुळांच्या टोकाची गाठ, यू-चिन. च्यांग-ह्वांग उष्ण, ही थंड. खण बदलला की औषध बदललं.

काढा घेण्याआधी खांद्याजवळ शेक. छीचौचा दवणा, आपल्या दवण्याचा भाऊबंद, प्रसिद्ध आहे. त्याच्या सुकल्या पानांचा कापूस करून पेटवतात. आपल्याकडच्या डागण्याचा हा चुलतभाऊ, आणि या काळात फोडही येऊ देतात. तुम्ही हात मागे घेता. वैद्यबुवा हसतात. याच गावातला ली आपल्या ग्रंथात अमरत्वासाठी पारा खाणाऱ्यांना झोडपतो, पाऱ्यानं किती माणसं मेली ते विचारतो. सगळे जुने वैद्य भोळे नव्हते.

धूर नाकात जातो. शिंक.

ब्रसेल्स, १९९२. दवाखान्याच्या पांढऱ्या बाकावर तुमच्या शेजारी एक बाई बसलीय. वजन कमी करायला तिनं चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतल्या आणि आता तिची मूत्रपिंडं निकामी होत आहेत. तिच्यासारख्या पुढे शंभरावर निघाल्या. अनेकींना नंतर मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. गोळ्यांत 'हान फांग-ची' हवी होती, आली 'क्वांग फांग-ची'. आडनाव एक, वनस्पती वेगळी. कुठं माशी शिंकली? त्या पहिल्या अक्षरात. दुसरीत ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. आपल्याकडची ईश्वरी, जिला सापाच्या विषावर उतारा म्हणून मान आहे, ती याच कुळातली. काढा कडू होता का, वैद्य प्रेमळ होता का, याचा मूत्रपिंडाशी संबंध नसतो.

खण ओढणाऱ्या त्या पोराची तुम्हाला आठवण येते. तो चुकला नसता.

पुढची शिंक छोटी. सप्टेंबर १९३८, मुंबईचा धक्का, 'राजपुताना' बोट. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर चीनला निघालेत. पाच जणांच्या त्यांच्या वैद्यकीय पथकात कलकत्त्याचे डॉ. विजय बसूही आहेत. कोटणीस शल्यचिकित्सक. ते ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारतील. बसू परततील, १९५० च्या दशकाअखेर पुन्हा जाऊन सुया टोचायला शिकतील आणि ती विद्या भारतात आणतील. महाराष्ट्रानं २०१५ च्या कायद्यानं ॲक्युपंक्चरला वेगळी उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

आणि तुम्ही परत यार्डात. खांदा तसाच.

आता सुई टोचून घ्यावी का? जुनाट दुखण्यावर मोठ्या चाचण्या झाल्यात. काहीच न करण्यापेक्षा सुईनं बरंच बरं वाटतं. खोट्या सुईशी तुलना केली तर फरक उरतो, पण लहान. माझं मत विचाराल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, साखर तपासा, कारण मधुमेहात खांदा आखडण्याची शक्यता जास्त असते. मग सुई घ्यायची तर तुमच्यासमोर फोडलेल्या पाकिटातली, आणि टोचणाऱ्याची नोंदणी बघून. छाती-पाठीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सांगा. तुंबडीच्या वेळीही सांगा. आणि हो, हळदीबद्दलही. भाजीतली हळद वेगळी, मिरीचा अर्क घातलेली कुर्क्युमिनची कॅप्सूल वेगळी. २०१९ मध्ये इटलीत अशा गोळ्यांनंतर यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदली गेली. हळद आपल्या जिल्ह्याची, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं, म्हणून तिला सगळं माफ होत नाही.

संध्याकाळी वसमतच्या वाटेवर एका शेतात उशिराची काढणी चाललीय. तुम्ही उतरता. बाई गड्डा झटकून हळकुंडं वेगळी करते, मुळं बाजूला टाकते. त्या मुळांच्या टोकांना फिकट, पाणीदार गाठी लोंबताहेत. तुम्ही वाकून एक तोडता, नखानं सोलता. आत पिवळेपण अगदी कमी.

"ते कशाला उचलायलाव, दादा? ते कुणी घेत न्हाई."

"चीनमध्ये घेतात," तुम्ही म्हणता, आणि ती गाठ खिशात टाकता. डाव्या हातानं.