राजाने नक्कलही विकत घेतली

चित्रकलेत 'नक्कल' या शब्दाला आपल्याकडे फारसा मान नाही. मी सरावासाठी युरोपातल्या प्रबोधनकाळातली चित्रे तैलरंगात उतरवतो. त्यामुळे 'स्वतःचे काही कधी काढणार?' हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. अशा वेळी मी रुबेन्सची गोष्ट सांगतो.

पीटर पॉल रुबेन्स १६२८ मध्ये माद्रिदला गेला, तो स्पेन-इंग्लंड तहाच्या बोलण्यांसाठी. वय ५१. युरोपभर नाव झालेले, अँटवर्पला स्वतःची मोठी चित्रशाळा. स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्या संग्रहात व्हेनिसच्या तिशियनची चित्रे होती. रुबेन्स ती एखाद्या विद्यार्थ्यासारखा उतरवू लागला.

त्यांतले एक 'ॲडम आणि ईव्ह'. तिशियनने ते १५५० च्या सुमारास रंगवले. मूळ आणि प्रतिकृती, दोन्ही आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. मांडणी तीच : झाडाखाली बसलेला ॲडम, फळाकडे हात नेणारी ईव्ह, तिच्या पायाशी कोल्हा. पण रुबेन्सचा ॲडम पुढे झुकला आहे, त्याचे अंग अधिक पिळदार आहे. शिवाय मूळ चित्रात नसलेला एक लाल पोपट त्याच्या मागे येऊन बसला आहे!

हे कसे घडते, ते ब्रश हाती घेतल्यावर कळते. माणसाच्या कातडीचा रंग नळीतून तयार मिळत नाही. आधी मातकट रंगात छाया-प्रकाश बसवायचा, तो वाळू द्यायचा. मग जवसाच्या तेलात पातळ केलेले पारदर्शक थर एकावर एक चढवायचे. प्रत्येक थर वाळायला काही दिवस लागतात. तेवढे दिवस खांदा असा का वळला, सावलीत तांबूस छटा कशाला, हे स्वतःला विचारत बसावे लागते. कधी मूळ चित्रकाराचे म्हणणे पटते, कधी आपला ॲडम थोडा पुढे झुकतो. नुसते चित्र पाहताना आपण इतके थांबत नाही.

रुबेन्सने ही प्रतिकृती विकली नाही. १६४० मध्ये तो वारला तोपर्यंत ती त्याच्याजवळच होती. पुढे ती विकत घेतली कोणी? ज्याच्याकडे मूळ चित्र होते, त्या चौथ्या फिलिपनेच.

तेव्हा घरात कोणी जुने चित्र समोर ठेवून रंगवत असेल, तर 'स्वतःचे कधी?' असे लगेच विचारू नका. त्यात पोपट कुठे येऊन बसला आहे, ते आधी पाहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)