विदर्भाची निराशा : अखेरच्या पंधरा धावा आणि त्यामागची साठ वर्षे

१/
१४ मार्च २०२४. वानखेडे मैदान, रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा पाचवा दिवस. मुंबईने विदर्भापुढे ५३८ धावांचे अशक्यप्राय लक्ष्य ठेवले होते. तरीही कर्णधार अक्षय वाडकर आणि २१ वर्षांचा हर्ष दुबे यांनी सहाव्या गड्यासाठी १३० धावा जोडल्या. उपाहारापर्यंत एकही गडी पडला नाही. उपाहारानंतर धावफलक ५ बाद ३५३ वर पोहोचला.

२/
मग वाडकर १०२ धावांवर बाद झाला आणि त्याच्यासह अखेरचे पाच गडी अवघ्या १५ धावांत गेले. सर्वबाद ३६८. मुंबई १६९ धावांनी विजयी. तिचे हे ४२वे विजेतेपद. खरे तर सामना पहिल्याच डावात, विदर्भ १०५ धावांत गारद झाला तेव्हाच निसटला होता. परंतु आशा पुन्हा जागवून ती मोडणारी पडझड अधिक जिव्हारी लागते.

३/
त्या हंगामाचा आलेखही चढता होता. उपांत्यपूर्व सामन्यात कर्नाटकावर मात. उपांत्य सामन्यात मध्य प्रदेशाविरुद्ध पहिल्या डावात ८२ धावांनी मागे पडूनही, यश राठोडच्या १४१ धावांच्या बळावर ६२ धावांनी विजय. अशा तरुण संघाने ऐन शेवटी कच खावी, याचा संताप चाहत्यांनी उघडपणे व्यक्त केला.

४/
येथे इतिहासाच्या अभ्यासकाला एक प्रश्न पडावा. मुंबई जिंकली म्हणजे करंडक महाराष्ट्रातच राहिला. मग चंद्रपूरच्या किंवा गडचिरोलीच्या चाहत्याने हळहळावे का? याचे उत्तर क्रिकेटच्या नियमांत सापडत नाही. त्यासाठी जुने नकाशे उघडावे लागतात.

५/
चांदा ही गोंड राजांची राजधानी. १७५१ मध्ये हे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. चांदा जिल्हा त्याचाच भाग होता. पुढे वऱ्हाडही या प्रांताला जोडला गेला. चांद्याचा कारभार दोन शतके नागपूरकडे तोंड करून चालला. मुंबई हे परक्या इलाख्यातले दूरचे शहर होते.

६/
रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यात मध्य प्रांत व वऱ्हाड असा स्वतंत्र संघ होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. राजकीय सीमा बदलली, क्रिकेटची मात्र बदलली नाही. १९५७-५८ च्या हंगामात विदर्भ स्वतंत्र संघ म्हणून उतरला, तोही मध्य विभागात. म्हणूनच आज एका महाराष्ट्रात रणजीचे तीन संघ आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ.

७/
विदर्भाचा प्रवास सुरू झाला त्याच सुमारास मुंबईचे सुवर्णयुग उजाडले. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ विजेतेपदे! विदर्भाच्या वाट्याला पराभवांची रांग आली. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू जन्मले नागपुरात, पण त्यांची कीर्ती वाढली इंदूरच्या होळकर संघाकडून. विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू मिळायला २०११ साल उजाडावे लागले : कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव.

८/
भूगोलही सोपा नव्हता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा बहुतांश अरण्याचा. रेल्वे त्याच्या उत्तर टोकाला, देसाईगंज-वडसाला, स्पर्श करून जाई. दक्षिणेला प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळचे सिरोंचा नागपूरपासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. अशा गावातील मुलासाठी संघाची निवड ही गुणवत्तेआधी प्रवासाची परीक्षा होती.

९/
२००८ मध्ये नागपूरजवळ जामठ्याचे नवे मैदान आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी खुले झाले. वयोगटांतील प्रशिक्षणावर भर दिला गेला. मग १ जानेवारी २०१८ रोजी, फैज फझलच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली, विदर्भाने दिल्लीला नमवून पहिला रणजी करंडक जिंकला. रजनीश गुरबानीने हॅट्ट्रिक साधली, तरुण वाडकरने शतक केले. आणि मैदान? इंदूरचे होळकर स्टेडियम! पुढच्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून विजेतेपद राखले गेले.

१०/
वानखेडेवरच्या संतापाचा अर्थ या पार्श्वभूमीवर उमगतो. पहिली सहा दशके विदर्भाच्या चाहत्याला मार्च महिन्यात गमावण्यासारखे काही नव्हतेच. संघाचा हंगाम त्याच्या कितीतरी आधी संपलेला असे. त्या काळच्या पराभवांवर कोणी रागावत नसे, कारण अपेक्षाच नव्हती. २०२४ चा राग हा दोन करंडकांनी दिलेल्या हक्काचा राग होता.

११/
जखम इतक्यात भरली नाही. १८ जानेवारी २०२५ रोजी विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात पुन्हा तेच घडले. उपांत्य सामन्यात ३८० धावा करून शेजारच्या महाराष्ट्राला नमवणारा, करुण नायरच्या शतकांवर स्वार झालेला संघ कर्नाटकापुढे ३६ धावांनी कमी पडला. हा संघ शेवटच्या पायरीवरच अडखळतो, ही शंका आता बळावली.

१२/
त्यानंतरचा महिना निर्णायक ठरला. रणजीच्या उपांत्य सामन्यात समोर पुन्हा मुंबई; या वेळी नागपुरात. राठोडने दुसऱ्या डावात १५१ धावा केल्या आणि विदर्भ ८० धावांनी जिंकला. अंतिम सामन्यात दानिश मालेवारच्या १५३ धावांमुळे केरळवर पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी मिळाली. २ मार्च २०२५ रोजी सामना अनिर्णित राहिला आणि त्या आघाडीवर तिसरा रणजी करंडक विदर्भाकडे आला.

१३/
वानखेडेवर वाडकरला साथ देताना ६५ धावा करणाऱ्या हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामातील हा विक्रम. राठोडने ९६० धावा केल्या, आणि करंडक स्वीकारणारा कर्णधार होता अक्षय वाडकर. अखेरच्या पंधरा धावांत कोसळलेल्या संघातीलच ही माणसे होती.

१४/
१९५७ मध्ये नकाशावर केवळ एक जुनी रेघ म्हणून उरलेला संघ आज चंद्रपूरपासून बुलढाण्यापर्यंतच्या लोकांना रडवू शकतो, रागावू शकतो. हे त्याचे करंडकांइतकेच मोठे यश. सिरोंचापासून नागपूरचे अंतर मात्र अजून तेवढेच आहे. विदर्भाच्या क्रिकेटने कापायचा पुढचा टप्पा तोच.